आधी घरच्यांना विचारा

सुशीलाताईंची आणि माझी ओळख एका भांडणात झाली. भवानी पेठेतल्या पोलिओ झालेल्या मुलांसाठी केंद्र काढायचे घाटत होते. आमच्या समितीने योजना अगदी चोख आखली होती. गावाबाहेर हवेशीर बंगला, न्यायला-आणायला टांगे, मुलांना उचलायला दोन तगडे गडी! ताई तेव्हा समितीवर नव्याच होत्या. "यातल्या एका तरी आईला विचारलंत का हो?" त्यांनी विचारले. आमचे सचिव उसळले, "चांगलं करायला विचारायचं कशाला?" खडाजंगी झाली. ताई हरल्या. नारळ फुटला आणि टांगे रिकामे परतले.

दुसऱ्या कुणीही "बघा, मी म्हणत होते" असे ऐकवले असते. ताई सरळ पेठेत जायला निघाल्या. ही पेठ विणकरांची; आठवड्यातून एक दिवस तिथल्या मागांची वीज बंद असते. एरवी त्या खडखडाटात शेजारच्याचेही ऐकू येत नाही. ताईंनी नेमका तो दिवस धरला आणि मलाही ओढत नेले.

नरसय्या विणकरांच्या घरी आम्ही बंद मागाशेजारी चटईवर बसलो. त्यांची आठ वर्षांची पद्मा दाराआडून बघत होती. दोन्ही पाय लुळे, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. आता नाही तर कधीच नाही, हे आम्हाला दिसत होते. तिची आई लक्ष्मीबाई चटईच्या कडेला येऊन बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "ताई, पोरीला परसाकडं जायचं झालं तर तितं कोन नेनार? गडीमानूस? लाजंनं मरून जाईल की ती!"

आमच्या चोख योजनेत हे कुठेच नव्हते. ताईंनी एवढेच म्हटले, "मग तुम्हीच सांगा, कसं करू या?"

"गल्लीतच करा की. आमी आया पाळीपाळीनं बसू."

तसेच झाले. गल्लीतल्या रिकाम्या शेडमध्ये केंद्र भरू लागले. पहिल्या दिवशी पद्मा आईच्या कडेवर बसून आली. आज ती हायस्कुलात आहे.

ताईंचा हा स्वभाव घरीदारी सारखाच. माझी पत्नी आजारी होती तेव्हा डबा आणण्याआधी त्या विचारून गेल्या, "वहिनी, तोंडाला चव कशानं येईल?" असे विचारणारे माणूस मिळायला भाग्य लागते.

ताईंच्या साठीनिमित्त आम्ही मोठे सभागृह ठरवले, उंच व्यासपीठ ठरवले आणि पद्माच्या हस्ते हार घालायचे ठरवले. तिला वर उचलून न्यायला दोन तगडे गडीही ठरवले! मग माझीच जीभ चावली गेली. पद्माला जाऊन विचारले. ती हसली. "काका, ताईंनाच खाली बसवा की."

म्हणून हा सत्कार शेडमध्ये, चटईवर होत आहे. ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आणि हो, हाराला मान जरा खाली वाकवा, पद्माचा हात पोचला पाहिजे.