दुखायचा थांबलेला हात

होडी वाळूवर ओढताना माझ्या थोरल्या भावाचा हात होडी आणि ओंडक्यामध्ये चिरडला. गावच्या वैद्याने बांबूच्या कामट्या लावून तो करकचून बांधला. हात सुजून दगडासारखा झाला. बोट नुसतं सरळ केलं तरी भाऊ किंचाळे, "सोडा रे ह्यां!" सगळे शहाणे उलट त्यालाच दटावत, "घट्ट बांधल्याशिवाय हाड जुळणा नाय."

दोन दिवसांनी दुखणं आपोआप थांबलं. आईने आनंदाने देवीसमोर नारळ फोडला.

पण बोटं हलेनात, तेव्हा त्याला मालवणला नेलं. डॉक्टरांनी कामट्या सोडल्या आणि म्हणाले, "दुखत होतं तेव्हाच सोडायचं. आता आतलं मांस मेलंय."

बोटं कायमची आत वळली. पुढे आईने देवीसाठी नारळ काढला की भाऊ म्हणे, "तिका सांग, माका दुखणारोच हात होयो होतो."