शेवटच्या बाकावरच्या शैलाबाई

बिबवेवाडीतल्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या शैलाबाईंचं मत पक्कं होतं: मूल लाडाने शिकत नाही, टोमण्याने शिकतं. छडी त्यांनी कधी उचलली नाही. कशाला उचलतील? जीभ होती ना! उत्तर चुकलं की चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून म्हणायच्या, "वा! उपकार झाले आपले. बसा आता, दमला असाल." वर्ग खो खो हसायचा. "एकदा लागलं की पोरं पुन्हा चुकत नाहीत," असं त्या स्टाफरूममध्ये ठासून सांगायच्या आणि दहावीतल्या तनयाचं उदाहरण द्यायच्या. माझे टोमणे खाऊनच पहिली येते म्हणे!

शिक्षकदिनाला दहावीच्या मुली साड्या नेसून बाई होतात. तनयाने सातवीचा गणिताचा तास हट्टाने मागून घेतला. शैलाबाई कौतुकाने शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

"ऋतुजा, दीडशेचे वीस टक्के किती?" तनयाने विचारलं.

ऋतुजा चाचरत उठली. "वीस?"

तनयाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. "वा! उपकार झाले आपले. बसा आता, दमला असाल."

वर्ग हसला. शैलाबाई तर सगळ्यांत मोठ्याने हसल्या. काय हुबेहूब केलंय कार्टीने! मग हसता हसता त्या थांबल्या. समोर ऋतुजा खाली बसली होती आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"कोण सांगतंय? हात वर!" तनया म्हणाली. ऋतुजाच्या शेजारणीचे हात मांड्यांखाली गेले. पुढच्या मुलाचे गेले. पलीकडच्या रांगेतलेही. अगं बाई, सगळ्यांचेच! फळ्याजवळून हे कधी दिसलंच नव्हतं. तिथून नुसते गप्प चेहरे दिसायचे आणि त्या गप्प बसण्याला बाई इतकी वर्षं 'लक्ष' म्हणत आल्या होत्या. मग तनया शिकली ती कशी? माझ्यामुळे, की मी असूनही?

"अहो, शेवटचा बाक!" तनया खुशीत येऊन म्हणाली. "आपण सांगताय, की आमंत्रण पाठवू?"

सगळ्या माना मागे वळल्या. तीस. बाईंनी झोपेतही सांगितलं असतं. तीसच ना? तीसच. पण चुकलं तर? बाईंची जीभ टाळ्याला चिकटली. बाईंना आपली नक्कल आवडली का, हे बघायला तनया डोळे मोठे करून उभी होती.

शैलाबाईंचे दोन्ही हात केव्हाच मांड्यांखाली गेले होते.