शेवटचं दान

शेजारचे शरदराव अमेरिकेत मुलीकडे राहून आले ते बेसबॉलचं वेड घेऊनच. अलीकडच्या दादा संघांतल्या एकेका खेळाडूचं त्यांनी घरी कार्ड बनवलंय. त्यावर लिहिलेलं असतं: फाशांचं अमुक दान पडलं की चेंडू मैदानाबाहेर, तमुक पडलं की खेळाडू बाद. असे सामने खेळवून ते संघांचे नंबर लावतात. "माणूस डावं-उजवं करतो, कार्ड करत नाही," म्हणतात.

काल माझ्यादेखत पहिल्या नंबरासाठीचा सामना शेवटच्या दानावर आला. हरायच्या बेतात होता तो नेमका मुलीच्या शहराचा संघ. कार्डं उडू नयेत म्हणून पंखा बंद होता. शरदराव फासे मुठीत धरून नुसते बसून राहिले.

मला वाटलं, कार्डावर खेळाडूची ताकद उतरते, चुकाही उतरतात. पण हजारो डोळे रोखलेले असताना पोटात येणारा गोळा कुठल्या आकड्यात मांडणार? आणि तो वगळून कुणाला थोर ठरवायचं?

"अगं, तू टाक," म्हणत त्यांनी वहिनींपुढे मूठ उघडली.

"मी नाही बाई! हरला तुमचा संघ, तर जन्मभर मला ऐकवाल."

फासे शरदरावांच्या तळहाताला घामाने चिकटले होते. कार्डात राहून गेलेलं सगळं तिथे होतं.