बुडालेल्या घरातलं जातं

आमचं शेतातलं घर नव्या तलावाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा वडिलांनी जात्याचा वरचा दगड तेवढा गाडीत टाकला. खालचा चुलीशेजारी मातीत लिंपून बसवलेला, तो तिथंच राहिला. "खालचा काय, कुठलाबी चालतोय," म्हणाले. पाथरवटाकडून नवा आणला आणि तेव्हापासून भाकरीत कच यायला लागली. वडील ताट सरकवायचे, "तुझा हातच बदलला." आई ते ताट उचलून न्यायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून बसलेले दगड, त्यांची फारकत केली कुणी? आणि बोल मात्र आईला!

उन्हाळ्यात पाणी उतरलं, तरी घरावर दोन पुरुष खोल होतंच. बुडी मारून खालचा दगड काढायचा, मी ठरवलं. "पोरीच्या जातीनं असलं करू न्हाय," वडील म्हणाले.

"मग कच खावा, पण आईला बोलू नगा."

ते मोटेचा जाड नाडा आणि बैल घेऊन माझ्या मागनं आले.

पहिल्या बुडीला बांधावरची बाभळ दिसली, तशीच उभी, फांद्यांना गोगलगाई चिकटलेल्या. गोठ्याच्या जागी गाळात शिंपले तोंड किलकिलं करून बसलेले. भिंतीच्या भोकातनं सापासारखी वाम मासळी सळकन निघाली. मी दचकून पाय टेकला, गाळ उठला आणि सगळा अंधार. हात हलवत वर आले.

"बास आता," वडील म्हणाले. बास म्हणणारी मी न्हवंच!

पुन्हा गेले ती पाय न टेकवता, भिंत चाचपत चुलीपर्यंत. दगड होता. त्याखाली एका खेकडीनं बीळ केलेलं. हात घातला तसा तिनं अंगठाच धरला. डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण दगड सोडला नाही. मातीतनं हलवला, नाडा आवळला, वर आले. मग बैलांनी ओढला.

आईनं दगड घासून धुतला, वरचा त्यावर ठेवला आणि दळायला बसली. पीठ मऊसूत पडलं. वडील चिमटीत घेऊन बघत राहिले. "हात त्योच हाय की तुझा," एवढंच म्हणाले.

आईचं लक्ष माझ्या अंगठ्याकडं. "काय चावलं गं?"

"खेकडी. दगडाखाली ऱ्हात हुती. पोटाला पिल्लं हुती तिच्या."

आईनं पहिलं पीठ ओंजळीत घेतलं आणि तलावाकडं निघाली. मी मागं. तिनं ते पाण्यात सोडलं.

"तिचंबी घर गेलं की गं," म्हणाली. घर सोडताना डोळ्यांतनं टिपूस न काढलेली माझी आई काठावर बसून मोठ्यानं रडली.