कुश्तोदियोची गाडीची पारख

मोंत-द-सिमात कुणी गाडी घ्यायला निघालं की सगळं गाव वऱ्हाडासारखं मागे लागतं. एक टायरला लाथ मारून बघतो, दुसरा बॉनेटखाली डोकं खुपसतो, तिसरा रंगावरून खोड काढतो. हे चालायचंच. पण कुश्तोदियो पाल्माची तऱ्हा बेजा शहरातल्या गाडीविक्रेत्यांनीही कधी पाहिली नव्हती. हा गृहस्थ गाडीत बसायचा, चारही काचा वर करायचा, हात मांडीवर ठेवायचा आणि गायला लागायचा.

इंजिनाची चौकशी नाही, पेट्रोल किती पिते ते नाही. एक ओळ गायची, गप्प व्हायचं, कान द्यायचा. मग उतरून दार हलकेच लावायचं आणि विक्रेत्याला सांगायचं, "आवाज बसत नाही हिच्यात."

पहिली गाडी अशी गेली. दुसरी गेली, तिसरीही गेली. चौथीच्या वेळी बायको फेलिझार्दा बाहेर उन्हात पर्स छातीशी धरून उभी होती. विक्रेत्यानं तिला दबक्या आवाजात विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना? ती म्हणाली, बेचाळीस वर्षं हे असंच आहे, तुम्ही आजच पाहताय.

गावाला मात्र याचं नवल वाटलं नाही. माणूस जन्मभर, बाटल्यांची बुचं होतात त्या झाडांची साल काढत आलेला. त्या कामात कुऱ्हाड पडली की आवाजावरून कळतं, साल सुटायला राजी आहे की झाडाला बिलगून बसलीय. ज्यानं कानावर पोट भरलं तो गाडीही कानानंच घेणार, असं लोक म्हणाले. लोकांचं अर्धं बरोबर होतं.

उरलेलं अर्धं बेल्शियोर रामाल्योपाशी होतं.

आमच्या दक्षिणेकडचं गाणं एकट्याचं नव्हे. एकजण पहिलं कडवं धीरानं, जमिनीलगत म्हणतो. मग दुसरा वरच्या पट्टीतून ते असं उचलतो की जणू विहिरीतून भरलेली बादली ओढली. त्यानंतर वीस पुरुष एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवून, डुलत, खाली साथ धरतात. वाद्य नाही, टाळी नाही. उचलणारा नसेल तर सुरू करणारा म्हणजे दार वाजवून पायरीवर ताटकळलेला पाहुणा. एकतीस वर्षं कुश्तोदियोनं सुरू केलं आणि बेल्शियोरनं उचललं. बेल्शियोर कुश्तोदियोच्या मुलीचा, ग्रासिएतचा, बाप्तिस्म्याचा धर्मपिता. म्हणजे दोघं एकमेकांचे कुंपार. सख्ख्या भावाशी भांडावं, कुंपाराशी नाही, अशी आपली रीत.

दर शनिवारी तालमीला शेजारच्या गावी जायचं ते कुश्तोदियोच्या फिकट हिरव्या गाडीतून. अकरा किलोमीटर, काचा बंद, आणि दोघांचा गळा मोकळा. त्या पत्र्याच्या डब्यात बेल्शियोरचा वरचा सूर असा घुमायचा की आरसा थरथरायचा. तालमीत कुश्तोदियो छान गायचा, जत्रेत त्याहून छान. पण खरं गाणं त्या अकरा किलोमीटरांतच, हे त्यानं फेलिझार्दाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला कधी असं कुणी उचललं नाही बाई, आणि भाजी परतत राहिली.

मग मे महिन्यात निवडणुका झाल्या. हे गाव क्रांतीपासून लाल. इथं पोरं बोलायला लागायच्या आधी मूठ वळायला शिकतात, असं चेष्टेनं म्हणतात. आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी, गुत्त्यात, ऑलिव्हच्या बश्या आणि वाइनच्या पेल्यांमध्ये बेल्शियोरनं जाहीर केलं की मी आपलं मत त्या नव्या आरडाओरड्या पक्षाला दिलं, आणि ज्याला पोटात दुखतंय त्यानं पुदिना खावा. कुश्तोदियो त्याला दोन शब्द बोलला. बेल्शियोरनं वीस ऐकवले, त्यात कुश्तोदियोच्या मेलेल्या बापालाही सोडलं नाही. शेवटी टोपी घालून म्हणाला, "तुमच्या त्या म्हाताऱ्या कोकरांच्या कळपात मी पुन्हा गाणार नाही." आणि गेला.

झालं. एका सकाळी गावात दोन तट पडले. कोण कोणाला नमस्कार करतं, याच्या पाळतीवर पाव घ्यायला गेलेल्या बायका दुपारपर्यंत घरी परतेनात. बेल्शियोरच्या जागी बेकरीवाला अमांदियो उचलायला लागला. सूर स्वच्छ, वेळेवर, चोख. कुश्तोदियोला त्यात नाव ठेवायला काही सापडेना, हेच त्याला सोसत नव्हतं. सप्टेंबरात हिरवी गाडी सरकारी तपासणीत नापास होऊन भंगारात गेली आणि नवी घेण्याची वेळ आली.

चौथी गाडी नाकारून घरी आल्यावर फेलिझार्दानं लसूण-कोथिंबिरीचं पावाचं सूप त्याच्यापुढे आदळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच बेल्शियोरच्या घरी गेली. तो विधुर माणूस, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता. तिनं राजकारणाचं नाव काढलं नाही. इतकंच सांगितलं की हा माणूस रिकाम्या सीटशी गातोय आणि ती सीट सूर उचलत नाही म्हणून गाड्या नापास करतोय. तेव्हा गुरुवारी येऊन त्या सीटवर बस, नाहीतर मी या वयात चर्चमध्ये मिस्साला चालत जाणार आणि ते पाप तुझ्या माथी. बेल्शियोरनं हातातले उरलेले दाणे कोंबड्यांपुढे झटकले. मग म्हणाला, येतो.

गुरुवारी तिघं बसनं बेजाला गेले. दोघं कुंपार दोन वेगळ्या ओळींत, फेलिझार्दा मधे, जणू सीमेवरची चौकी. पांढरी, पाच दारांची, एकाच मास्तरानं वापरलेली गाडी होती. कुश्तोदियो चाकामागे बसला, बेल्शियोर शेजारी. दारं लागली, काचा चढल्या. बाहेर विक्रेता घड्याळ बघत होता आणि फेलिझार्दा त्याला मुद्दाम डिकीच्या कुलपाबद्दल विचारत होती.

कुश्तोदियोनं बोलायचं बरंच ठरवून आणलं होतं. त्यातलं काहीच न बोलता त्यानं पहिलं कडवं घेतलं. गव्हाच्या शेतावरून गेलेल्या वाऱ्याचं, हळू, जमिनीलगत. शेवटचा शब्द सोडला आणि थांबला. शेजारी श्वास भरल्याचा आवाज आला. एकतीस वर्षं ओळखीचा.

मग जे आलं ते गाणं नव्हतं. सूर निघाला, वर चढला आणि मधेच वाळक्या काटकीसारखा दुभंगला. बेल्शियोरनं पुन्हा धरला, तो खालीच फाटला. त्यानं तोंड मिटलं आणि समोर काचेतून भिंतीकडे बघत राहिला.

"मार्चपासून आवाज थोडा थोडा जात होता," तो म्हणाला. "आधी वाटलं सर्दी, तुलाही तेच सांगितलं. कोंबड्यांसमोर गाऊन बघायचो. त्याही बावचळल्या."

कुश्तोदियो त्याच्याकडे वळला. "आणि ते मत?"

"कसलं मत? त्या दिवशी घरी हरभरे निवडत बसलो होतो. कुणालाच दिलं नाही."

"मग लेका, माझ्या बापाला का शिव्या दिल्यास?"

"साध्या बोलण्यानं तू मला सोडलं नसतंस. तालमीला यायला लावलं असतंस. मग एके दिवशी सगळ्यांनी मिळून मला खालच्या साथीत उभं केलं असतं, पाठ थोपटत. कुंपार, माझ्याकडे लोकांनी रागानं बघितलेलं चालेल मला. कीव करून बघितलेलं नाही चालणार."

कुश्तोदियोनं चाकावर दोन्ही हात ठेवले. खालच्या साथीत काय वाईट आहे, वीस माणसं तिथंच उभी असतात, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. बाहेर फेलिझार्दा डिकी तिसऱ्यांदा उघडून बघत होती.

"गाडी कशी वाटली?" त्यानं विचारलं.

"सीट चांगली आहे," बेल्शियोर म्हणाला. "घे."

गाडी घेतली. फेलिझार्दाला वाटलं मोहीम फत्ते झाली. बेजाहून परत येताना दोघं पुढे शेजारी शेजारी बसले होते, आणि गप्प बसले असले तरी रागानं गप्प नव्हते, एवढं तिला मागून कळत होतं. गावाच्या वेशीबाहेर, शेवटच्या वळणाआधी बेल्शियोरनं उतरवायला सांगितलं. चालत गेला. तिनं विचारलं, हे काय नवीन? कुश्तोदियो म्हणाला, त्याला पाय मोकळे करायचेत.

पण गावाला दम कुठला. पांढऱ्या गाडीत कोण बसलं होतं, हे वेशीबाहेरच्या बस-थांब्यावरच्या दोघींनी पाहिलं होतं. रविवारी मिस्सानंतर गुत्त्यात अमांदियो बेकरीवाला उठला. भला माणूस. म्हणाला, पाच महिने झाले, निवडणुका येतात नि जातात. मी मागे उभा राहतो, आपण सगळे मिळून बेल्शियोरला आणायला जाऊ, तो बघा कोपऱ्यात बसलाय. वीसच्या वीस खुर्च्या मागे सरकल्या. याचीच तर कुश्तोदियो मे महिन्यापासून वाट बघत होता.

त्यानं पेला टेबलावर इतका जोरात आपटला की वाइन अमांदियोच्या शर्टावर उडाली.

"जोवर मी पहिलं कडवं म्हणतोय," तो म्हणाला, "तोवर तो फितूर आपल्या रांगेत उभा राहणार नाही. जायचं असेल त्यानं जा, मी निघालो."

खुर्च्या एकेक करून पुन्हा पुढे सरकल्या. फेलिझार्दा दारातून बघत होती. तिनं कपाळाला हात लावला.

कोपऱ्यातून बेल्शियोर उठला. त्यानं टोपी घातली, हनुवटी वर केली.

"तुझ्या रांगेत मी यायचो ना, तेव्हा डुकरं ऑलिव्हवर चढलेली असतील!" तो ओरडला, आणि शेवटच्या शब्दावर त्याचा आवाज चिरकला.

रागानं, असं सगळे म्हणाले. कुश्तोदियो सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला.