मुठीतला जवळा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अंधेरीतल्या एका प्रयोगशाळेत मला संशोधन सहायक म्हणून नोकरी लागली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वडील गावी शिवणकाम करायचे, चौथीपर्यंत शिकलेले. माझा एम.एस्सी.चा प्रबंध हातात घेऊन त्यांनी पानं उलटली, कापडाचा पोत बघावा तसा कागद बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "चांगलं केलंस." त्यातलं एक वाक्यही त्यांना कळणार नव्हतं, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

आमच्या विभागाने जवळ्यावर बरंच काम केलं होतं. हा बारीक कोळंबीसारखा जवळा उन्हात सुकवून पावसाळ्यासाठी भरून ठेवतात. नीट सुकला नसेल तर श्रावणाआधीच त्याला बुरशी लागते. आत किती ओलावा राहिला तर तो टिकतो, हे आमच्या साहेबांनी शोधून काढलं होतं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यासाठी ते एका पानात मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी लिहिलं, 'आर्द्रतेचे प्रमाण विहित मर्यादेखाली आल्यावरच साठवण करावी.' मला ते फार चांगलं वाटलं होतं. मासळी सुकवायच्या जागेवर जाऊन मी ते बायकांना वाचून दाखवलं. सगळ्या जिला आये म्हणत, ती म्हातारी शांतपणे म्हणाली, "ही मर्यादा कंच्या बाजारात भेटते गो?"

बायका हसल्या. थोड्या उशिराने मीही हसले.

"मग तुम्ही कसं ओळखता, आये?"

तिने मूठभर जवळा घेतला, दाबला आणि मूठ उघडली. जवळा भुसभुशीत होऊन खाली पडला. "असा मोकला झाला तर सुका. गोला झाला तर नाय."

शेजारी बसलेली तिची तरुण सून म्हणाली, "तिच्या हाताला गुन हाय. मी येगली राहते, माजी चूल येगली. गेल्या साली माजा सगला जवला फेकला."

तिचं हे बोलणं मनातून जाईना. साहेबांना मी आयेचं आणि सुनेचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, पत्रकात मुठीचं लिहू या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुठीला एकक असतं का?"

"नाही सर. पण तपासता येईल."

"तपासा मग. पण त्या म्हातारीच्या मुठीने नको. तिला येतंच. जिचा जवळा सडला, तिची मूठ आणा."

म्हणून ती सून प्रयोगशाळेत आली. बेसिनवर हात धुऊन, कोरडे करून उंच स्टुलावर बसली. कमीजास्त सुकवलेल्या जवळ्याच्या पुड्यांवर मी फक्त नंबर घातले होते. ती मूठ दाबायची, उघडायची आणि पुडी डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. ती गेल्यावर प्रत्येक पुडीतला जवळा ओव्हनमध्ये पूर्ण सुकवून मी ओलाव्याचं प्रमाण काढलं. एक पुडी सोडली तर तिचा प्रत्येक निवाडा बरोबर होता, आणि ती एक अगदी काठावरची होती. साहेबांनी आकडे दोनदा तपासले. मग माझं वाक्य लाल पेनने खोडून स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मूठभर जवळा दाबा. मूठ उघडल्यावर मोकळा झाला तरच भरा.'

छापून आलेल्या पत्रकाची एक प्रत मी गावी पाठवली. आठवड्याभरात वडिलांचं कार्ड आलं. 'तुझा कागद सगळा वाचला. कोणाला काही विचारावं लागलं नाही. एक लिहिलं नाहीस. जवळा उन्हात असतानाच मूठ दाबायची की सावलीत आणून? इस्त्री फिरवल्याबरोबर ओलं कापडही कोरडं वाटतं.'

बोरीवलीला मी राहायचे त्या मामांच्या घरी, मामींच्या समोर, मी ते कार्ड तीनदा वाचलं. माझ्या कामाबद्दल वडिलांनी मला प्रश्न विचारला होता, आणि उत्तर मला येत नव्हतं. आमच्या पुड्या आधीच थंड झालेल्या होत्या, त्यामुळे हे आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आयेला विचारलं. ती म्हणाली, "निवल्यावर गो. गरम असला का सगलाच सुका वाटतो. हे पन सांगाला लागतं?"

"लागतं, आये."

साहेबांची परवानगी घेऊन उरलेल्या प्रत्येक प्रतीवर मी हाताने एक ओळ लिहिली, 'आधी सावलीत निवू द्या.' हात दुखला, पण इतक्या अभिमानाने मी आजवर काही लिहिलेलं नाही. आधी वाटलेल्या प्रती कोळीवाड्यात घरोघर जाऊन बदलून दिल्या.

गोकुळाष्टमी झाल्यावर ती सून पुन्हा प्रयोगशाळेत आली. पिशवीतून पुडी काढून तिने माझ्या टेबलावर सोडली. "यंदाचा माजा जवला. वास घेऊन बघ."

मी घेतला. साहेबांनीही उठून घेतला, चिमूटभर जवळा बोटांत चोळला आणि मला म्हणाले, "वहीत नोंद करा."

"काय लिवतेस?" तिने विचारलं.

"बुरशी नाही, असं."

"आनि लिव," ती स्टुलावर बसत म्हणाली, "सुनेच्या हाताला पन गुन आला."