धड्यातला माहा हात

लोकं म्हणतात, म्हातारपणी माफ करून टाकावं. मी नाही केलं.

रायपुरात एका प्रायवेट शाळेत मी एकोणीस वर्षं पाणी पाजलं. पोट्टे मले पानीवाली दाई म्हणत; इकडं दाई म्हणजे आई. शाळेचे मालक, त्यायले सगळे सर म्हणत. त्यायच्या टेबलावर रोज पह्यला गिलास माह्याच हातचा. एक दिवस शाळेच्या लोखंडी गेटात माही करंगळी चेंदली. सर खिडकीतूनच म्हणाले, "कपड़ा बाँध ले, और घंटी बजा दे." मी घंटी वाजवली. बोट वाकडं ते वाकडंच राह्यलं. तवा काही बोलली नाही. नवरा मेलेला, पोरगी शिकून राहिली होती.

तीच पोरगी पुढं त्याच शाळेत गणिताची मॅडम झाली. लॉकडाऊन लागलं तसे सर तिले म्हणाले, घरून व्हिडिओ बनवून पाठवा, नोकरी पक्की समजा. तिनं जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कापा-जोडायचं एक सॉफ्टवेअर टाकलं.

"विकत आणलं काय वं?"

"फुकट हाय, आई. मास्तरायसाठी अन् पोट्ट्यायसाठीच बनवलं लोकायनं. कोणीही घ्या, बदला, दुसऱ्याले द्या."

"फुकट कोण देते? काहीतरी चाल असन."

"काहून? तू पाणी विकत होती काय?"



घर एका खोलीचं, भिंतीचे पोपडे निघालेले. म्हणून ती म्हणे, तोंड नको, हातच दाखवू. स्टूल उलटा केला, परकराच्या नाड्यानं त्याच्या पायाले मोबाईल बांधला, आवाज नको म्हणून पंखा बंद. भाकरीनं अपूर्णांक शिकवायचा होता. बोलत ती होती, भाकर मी तोडत होती. मग कॉम्प्युटरवर बसून कुकरची शिटी अन् माहा खोकला कापून टाके. सारं उन्हाळाभर असंच.

शाळा उघडली तसा सरायचा निरोप आला, मॅडमची आता जरूरत नाही. मलेही काढलं. म्हणे पाण्याची मशीन आणली. धडे मात्र ठेवून घेतले.

मग समजलं, नव्या रायपुरात सर दुसरी शाळा उघडून राहिले अन् तिथं पालकायले हेच धडे दाखवणार. पोरगी म्हणे, "जाऊ दे न, आई."

"तू बस घरी," मी म्हटलं.

दोन बसा बदलल्या, मग त्या रुंद सडकेनं पायी. पालकायच्या सभेत मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. पडद्यावर भाकर आली, ती तोडणारी माही वाकडी करंगळीही. सर माईकवर म्हणाले, "ये सब हमारी बहू ने बनाया है." सून बाजूलेच बसली होती, बोटाबोटात अंगठ्या.

मी उभी राह्यली. "सर, बहू की छोटी उंगली दिखाओ जरा."

"कौन है ये? बैठाओ इसको."

मी हात वर केला. जुन्या शाळेतली एक पोट्टी मायजवळ बसली होती. तिनं पडद्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं अन् ओरडली, "मम्मी, ये तो पानी वाली दाई का हाथ है!"

एकोणीस वर्षं या हातचं पाणी पेला माणूस, हात कधी पाह्यला नाही. पाह्यला असता तर तेवढा धडा तरी लपवला असता.

पालक सरायले इचारू लागले. मी थांबली नाही, तिकडं बसा कमी असतात.

पोरीनं मग सारे धडे आपल्या नावानं सगळ्यायसाठी इंटरनेटवर खुले केले. बीरगांवच्या, अभनपुरच्या मॅडम ते घेतात, त्यात छत्तीसगढीत आपला आवाज टाकतात. सरायजवळ आपलं म्हणून दाखवाले काही उरलं नाही.

मे महिन्यात भर दुपारी सर माह्या दारात आले. शर्ट घामानं पाठीले चिकटलेला. "दाई, बेटी से बोलो, वीडियो हटा दे. दोनों को वापस रख लूँगा."

"बैठो," मी म्हटलं. तोच स्टूल देल्ला. "वीडियो नहीं हटेगा."

माठ त्यायच्या हातभर दूर, वर ओला कपडा. त्यायनं दोनदा माठाकडं पाह्यलं. ओठ सुकले होते. आमच्या घरी कोणीही आलं तरी पह्यले पाणी देतात, बोलणं नंतर. मी हात मांडीवर ठेवला, करंगळी वर करून, अन् बसून राह्यली.

ते उठले, गेले. गल्लीच्या वळणापर्यंत मी त्यायले पाह्यलं. मग माठातून गिलास भरला अन् सावकाश पेली.